विश्लेषण : आजोबांची बॅट दिवाणखान्यात लावावी की कपाटात ठेवावी?

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी खेळलेले असते. कुणाचे आजोबा भर पावसात कांगा लीग खेळले, कुणाच्या काकांनी तालमीतून कप आणले, कुणाच्या आईकडे विद्यापीठाच्या खो-खो संघाचा ब्लेझर आहे. वर्षानुवर्षे ट्रंकेत पडलेल्या या वस्तू नवा फ्लॅट झाला की बाहेर निघतात. इंटिरियरवाला हॉलमधली एक भिंत सुचवतो. बॅट, सह्यांचा चेंडू, संघाचा कृष्णधवल फोटो, पिवळे पडलेले कात्रण, पदके असे सारे काचेआड जाते आणि वरून दिव्यांची पट्टी लागते. पाहुणे खूश होतात. पण पाच-सात वर्षांनी चेंडूवरच्या सह्या वाचता येत नाहीत आणि फोटो काचेला चिकटलेला असतो. ट्रंकेत ४०-५० वर्षे टिकलेली वस्तू सन्मानाने मांडल्यावर इतक्या लवकर का बिघडते आणि ती दिसतही राहावी व टिकावीही, यासाठी काय करता येते?

ट्रंकेतच बरी होती का?

काही अंशी, हो. ट्रंकेत अंधार असतो आणि कागद, कापड, शाई यांना अंधारासारखा मित्र नाही. याचे एक उदाहरण थेट डॉन ब्रॅडमनपर्यंत जाते. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४७-४८ मध्ये, भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला होता. त्या मालिकेतली एक ‘बॅगी ग्रीन’ टोपी ब्रॅडमनने भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना भेट दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत तिचा लिलाव झाला, तेव्हा ती विटलेली आणि किडीने कुरतडलेली होती. दुसरी टोपी त्याच दौऱ्यातले आपल्या महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू रंगा सोहोनी यांच्याकडे आली. सोहोनी कुटुंबात ती तीन पिढ्या कुलूपबंद होती. घरातल्या मुलाला वयाच्या सोळाव्या वर्षी ती पाहायला मिळायची, तीही पाच मिनिटे, असे ती विकणाऱ्या लिलावसंस्थेने सांगितले.

गंमत म्हणजे विटलेल्या टोपीचीही बोली ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाऊन थांबली. पण तो ब्रॅडमन होता. तुमच्या-आमच्या घरातल्या वस्तूचे तसे नसते. तिच्यावरची सही, तारीख, संघाचे नाव वाचता येते तोवरच ती ‘ती’ वस्तू असते. ते पुसले की उरते ते एक जुने लाकूड.

अर्थात पाच मिनिटांचा सोहोनी नियम सगळ्यांना परवडणारा नाही. नातवंडांनी पाहायचेच नसेल तर जपायचे कुणासाठी?

प्रकाशाने नेमके काय होते?

प्रकाश म्हणजे ऊर्जा. ती रंगाच्या, शाईच्या, कागदाच्या रेणूंवर सतत आदळत राहते आणि त्यांचे बंध तोडते. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हे नुकसान साठत जाते आणि ते उलट फिरवता येत नाही. विटलेली सही पुन्हा गडद होत नाही.

संग्रहालये कागद, कापड, सही, रंगीत फोटो अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच प्रकाश पडू देतात. लाकूड किंवा चामड्याला २०० लक्सपर्यंत चालते. उघड्यावरचे थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जाते. दिवसा खिडकीजवळच्या भिंतीवर हजार लक्स सहज भरतात. म्हणजे संग्रहालयात २० वर्षांत जेवढी झीज होईल, तेवढी तुमच्या हॉलच्या त्या भिंतीवर सुमारे एका वर्षात होते. मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. त्यांचा आकडा काटेकोर नसतो, पण घरातली कुठली भिंत किती उजळ, एवढी तुलना करायला पुरतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजून पाहावे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सकाळी अगदी निरुपद्रवी वाटते.

‘यूव्ही काच लावली आहे, आता काळजी नाही,’ असे फ्रेमवाले सांगतात. ते अर्धेच खरे आहे. अशी काच किंवा अ‍ॅक्रिलिक अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते आणि ती जरूर लावावी. पण साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग विटतात. काचेने वेग कमी होतो, प्रक्रिया थांबत नाही. जुनी ट्यूबलाइट थोडे अतिनील किरण सोडते, एलईडी जवळजवळ नाही, त्यामुळे दिवा बदलणे हा स्वस्त उपाय. मात्र शोकेसच्या आत एलईडीची पट्टी चिकटवू नये. तिची उष्णता बंद पेटीत कोंडते आणि हौसेपोटी ती रात्रभर चालू राहते. दिवा बाहेर असावा आणि पाहायचे असेल तेव्हाच लावावा.

मग घरात जागा कुठली?

सन्मानाची म्हणून आपण निवडतो त्या बहुतेक जागा चुकीच्या निघतात. खिडकीसमोरची भिंत का नको, ते वर आलेच. टीव्हीच्या वर उष्णता. स्वयंपाकघराच्या दारालगत फोडणीचा तेलकट धूर. देवघराशेजारी उदबत्ती, धूप आणि समईची काजळी. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल.

त्यापेक्षा बेडरूमकडे जाणारा पॅसेज पाहा. तिथे ऊन येत नाही, दोन्ही बाजूंना घराच्या आतल्या भिंती असतात आणि दिवा लागतो तो ये-जा करण्यापुरता. पुण्या-मुंबईच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये क्रीडासंग्रहासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण. पाहुण्याला उठून चार पावले जावे लागेल, एवढेच.

शोकेस नवीन करून घेत असाल तर आणखी एक सांगायला हवे. प्लायवूड, एमडीएफ आणि त्यांना वापरलेले गोंद यांतून बराच काळ आम्लयुक्त वाफा निघतात. बंद काचेआड त्या साठतात आणि धातू व कागद खराब करतात. नवे कपाट काही आठवडे दारे उघडी टाकून वारवावे, मगच वस्तू ठेवाव्यात. ‘नव्या घराचा वास’ येतो आहे तोवर पदके आत नकोत.

पावसाळ्याचे काय करायचे?

युरोप-अमेरिकेत लिहिलेले बहुतेक सल्ले आपल्याकडे इथे कमी पडतात. बुरशीला साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा. तिथल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की जुने लाकूड आणि चामडे तडकते. दोन्हीकडे सगळ्यांत वाईट म्हणजे सततचा चढउतार. दिवसभर एसी बंद, रात्री चालू असे झाले की वस्तू रोज फुगते आणि आकसते.

शोकेसच्या आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ४५ ते ६० च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहावे. त्याहून जास्त असेल तर सिलिका जेल. पण पुडी टाकून विसरून जाणे हा आपला नेहमीचा प्रकार आहे, त्याने काही साधत नाही. सिलिका जेल ठरावीक ओलावा शोषते आणि मग थांबते. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत. रंग पालटला की ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. आणि शोकेसचे दार नीट बसत नसेल तर सिलिका जेल सगळ्या हॉलचा ओलावा शोषायला निघते, म्हणजे काहीच करत नाही. आधी फटी बुजवाव्यात.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे चिकटवावेत. भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळली तर ओल थेट कागदात उतरत नाही.

बुरशी दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नये, ती पसरते. वस्तू सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावी. मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटकावी. ‘ऊन दाखवणे’ हा गाद्यांचा उपाय आहे, सह्यांचा नव्हे.

डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला हे घरोघरचे उपाय आहेत. डांबराच्या गोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते आणि बंद खोलीत माणसालाही चांगली नसते. पाला नीट वाळलेला नसेल तर तो स्वतःच ओलावा घेऊन येतो. त्यापेक्षा दर दोन महिन्यांनी कपाट रिकामे करून प्रत्येक वस्तू हातात घेणे जास्त उपयोगी. कसर आणि वाळवी यांना निवांतपणा आवडतो.

सह्या, फोटो, कात्रणे, तिकिटे

संग्रहातला सगळ्यांत नाजूक भाग हाच, आणि तो बहुतेक वेळा प्रेमापोटीच खराब होतो.

लॅमिनेशन कधीही करू नये. १९८७ च्या विश्वचषकाचे तिकीट असो की २०१३ मध्ये वानखेडेवर झालेल्या सचिनच्या २०० व्या कसोटीचे, गरम प्लॅस्टिकमध्ये एकदा सील झाले की ते बाहेर निघत नाही. चिकट टेपचेही तेच. काही वर्षांत टेप पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो. जुन्या अल्बममधली चिकट पाने आणि पीव्हीसीची पाकिटे शाई ओढून घेतात. त्याऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे मागावीत.

फोटो काचेला टेकता कामा नये. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला चिकटतो. म्हणून फ्रेममध्ये जाड माउंट बोर्ड लागतो आणि तो आम्लरहित हवा. फ्रेमवाल्याकडे हा शब्द स्पष्ट सांगून मागावा लागतो. फोटो आधीच चिकटला असेल तर ओढू नये. काचेसकट त्याचे स्कॅनिंग करून घ्यावे आणि तसाच ठेवावा.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन असते, ते उजेडात पिवळे पडते. त्यामुळे १९७१ च्या ओव्हल विजयाचे किंवा आजोबांच्या शतकाच्या चार ओळींचे मूळ कात्रण फ्रेममध्ये लावण्यात काहीच फायदा नाही. चांगल्या कागदावर त्याची रंगीत प्रत काढून ती लावा. मोठी संग्रहालयेही नाजूक कागदांच्या बाबतीत हेच करतात. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मूळ कागद सपाट, अंधाऱ्या पेटीत सुखरूप राहतो. हाच उपाय सही असलेल्या पत्रांना आणि संघाच्या फोटोंना लागू होतो. भिंत प्रतींची असावी आणि पेटी मूळ वस्तूंची.

प्रत लावणे म्हणजे फसवणूक, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. फ्रेमच्या मागे ‘ही प्रत आहे, मूळ अमुक कपाटात’ एवढी चिठ्ठी लावली की झाले.

बॅट आणि चेंडू

जुनी बॅट दिसली की तिला जवसाचे तेल लावायचा मोह होतो. खेळायच्या बॅटला ते ठीक. सही किंवा जुना स्टिकर असलेल्या बॅटवर तेल घातले तर शाई फुटते आणि लाकूड काळवंडते. बॅटवरचे चेंडूचे लाल डागही घासून काढू नयेत. ती खेळली गेली, याचा पुरावा तेच आहेत. भिंतीवर लावताना खिळा किंवा स्क्रू लाकडात जाता कामा नये. मऊ अस्तर लावलेल्या दोन आकड्यांवर ती आडवी ठेवावी, म्हणजे मुठीच्या जुन्या दोऱ्यावर ताण येत नाही.

चेंडू वाटीसारख्या बैठकीवर ठेवावा आणि सहीची बाजू उजेडापासून वळवून ठेवावी. कुणी आले की फिरवून दाखवायची. हे हास्यास्पद वाटेल, पण एवढ्याने सहीचे आयुष्य कितीतरी वाढते. जुन्या ग्लोव्हजना, पॅडना खोबरेल तेल लावू नये. ते खवट होते, धूळ धरते आणि बुरशीला खाऊ पुरवते.

गदा, पदके, कप

कुस्तीच्या घरातला मानबिंदू म्हणजे गदा. महाराष्ट्र केसरीची, मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी गदा लाकडी असते आणि तिच्यावर नक्षीचा चांदीचा पत्रा मढवलेला असतो. गावोगावच्या आखाड्यांतल्या गदाही बहुधा याच धर्तीच्या, कधी चांदीच्या, कधी नुसत्या मुलाम्याच्या. दर दसऱ्याला ती चकचकीत घासायची हे घरच्यांचे प्रेम आहे, पण प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते. मुलामा असेल तर काही वर्षांत खालचा पितळी रंग डोकावू लागतो आणि नक्षीच्या रेषा बोथट होतात. टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर ही सगळी बारीक सँडपेपरच आहेत.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. लोकर, फेल्ट आणि रबर यांतूनही ती निघतात. म्हणजे गदेखाली लोकरी अस्तर किंवा रबरी चटई ठेवणे म्हणजे तिला काळे करायची सोय करणे. धुतलेले सुती कापड चालेल. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामातले क्षार धातूवर बोटांचे ठसे कायमचे कोरतात. पदकांची रिबने मात्र कापडाच्या हिशेबात धरावीत. धातूला उजेड चालतो, रिबनला नाही.

वजनाचेही बघावे. गदा काही किलोंची असते. जिप्समच्या पार्टिशनवर टांगण्याऐवजी ती खाली, भक्कम लाकडी बैठकीवर उभी करावी.

ब्लेझर, जर्सी, फेटा

तारेच्या हँगरवर वर्षानुवर्षे लटकलेल्या ब्लेझरचे खांदे फाटतात. कापडाची गुंडाळी भरून जाड केलेला हँगर वापरावा किंवा आडवे ठेवावे. घडी घातलीच तर घडीत पातळ, आम्लरहित कागद घालावा आणि घडीची जागा दर वर्षी बदलावी. जर्सी फ्रेम करताना फ्रेमवाले कधी कधी ती गोंदाने चिकटवतात. कापड चढवलेल्या बोर्डावर हाताने सैल टाके घालून बसवा, असे बजावून सांगावे. विजयाच्या दिवशी बांधलेला जरीचा फेटा चांदीच्या नियमाने चालतो, जर काळी पडते आणि ती घासता येत नाही.

लोकरी स्वेटरला कसर लागली असेल तर संग्रहालयातली एक युक्ती घरी जमते. स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

त्यापेक्षा संग्रहालयाला द्यावे का?

देता येते, पण डोळे मिटून नव्हे. हॉकीत भारताला तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवून देणाऱ्या संघांतले बलबीर सिंग सीनियर यांनी १९८५ मध्ये प्रस्तावित राष्ट्रीय क्रीडासंग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे आपल्या वस्तू दिल्या. त्यांत ३६ पदके, शंभराहून जास्त छायाचित्रे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा कर्णधाराचा ब्लेझर होता. त्या वस्तू पुढे सापडल्याच नाहीत. त्यांचा शोध घेत घेतच २०२० मध्ये बलबीर सिंग गेले.

आज पर्याय वाढले आहेत. पुण्यात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे खासगी क्रिकेट संग्रहालय २०१२ पासून आहे. तिथे नुसती चक्कर मारली तरी मांडणीच्या कल्पना सुचतात. वस्तू कुठेही द्यायची असो, देताना प्रत्येक वस्तूची छायाचित्रांसह यादी करावी. ती कायमची देणगी की ठरावीक मुदतीची उसनवारी, हे लेखी घ्यावे आणि सही-शिक्क्याची पोच घरी ठेवावी. वस्तू फारच मोलाची आणि अवस्था वाईट असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

नोंद कशी ठेवावी?

वस्तू कोणाची, कुठल्या सामन्यातली, सही कुणी केली, घरात कशी आली हे सांगणारे माणूस बहुतेक घरांत एकच उरलेले असते आणि ते ऐंशीच्या घरात असते. मोबाइल समोर ठेवून त्यांना एकेक वस्तू हातात द्यावी आणि बोलू द्यावे. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता मूळ फाइल जपावी, कारण पाठवताना दर्जा घटतो. प्रत्येक वस्तूचे पुढून, मागून आणि सहीचे जवळून असे फोटो काढावेत. कागद ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. एक यादी कागदावर, पेन्सिलने लिहून मूळ वस्तूंच्या पेटीत ठेवावी. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल नाही.

हीच यादी विम्यालाही लागते. घराच्या साध्या विमा पॉलिसीत अशा वस्तू बहुधा आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या जाहीर कराव्या लागतात आणि त्यासाठी मूल्यांकनाचा कागद मागतात. वस्तू शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही. मुले परदेशात स्थायिक असतील आणि पणजोबांची ढाल सोबत न्यायचा विचार असेल, तर बॅग भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करावी.